पाण्याचा ग्लास हातात लागणाऱ्या मुलाला घराची किल्ली कधी द्यायची?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. आई एकटी, नाशिकच्या सिडकोत भाड्याच्या दोन खोल्या, अंबडच्या कंपनीत नोकरी, कधीकधी ओव्हरटाइम. मुलाला पाण्याचा ग्लाससुद्धा हातात लागतो. आजी म्हणते, बापाविना पोर आहे, होऊ देत लाड. मामा म्हणतो, आत्तापासून कडक वाग. पुढच्या जूनमध्ये पाचवी, म्हणजे सकाळची शाळा आणि दुपारी घरी कोणी नाही. तोवर त्याला स्वावलंबी कसं करायचं?

ताई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. पहिला, त्याने स्वतःची कामं स्वतः करणं. दुसरा, तुम्ही कामावर असताना त्याने घरात सुखरूप असणं. पहिला शिकवून सुटतो आणि नऊ हे त्यासाठी उत्तम वय आहे. दुसऱ्यासाठी शिकवणं तर लागतंच, शिवाय माणसं लागतात, आणि मूल कितीही हुशार निघालं तरी त्या माणसांची जागा ते भरून काढू शकत नाही. "हा एकदा तयार झाला की माझी दुपारची काळजी मिटली" असं मनात धरून शिकवायला बसलात तर घाई होईल. घाईत दिलेलं काम आठवड्याभरात परत तुमच्याकडे येतं.

पालकांबरोबर काम करताना एकट्या आईच्या घरात एक गोष्ट हमखास दिसते. सकाळी वेळ नसतो म्हणून बूट घालण्यापासून दप्तर भरण्यापर्यंत सगळं आई उरकून टाकते. आधीच पोराच्या वाट्याला कमी आलंय, ही टोचणीही त्यात असते. रात्री तीच आई दमून घरी येते, ताट होतं तिथेच पडलेलं दिसतं आणि "एवढा घोडा झालास, कळत नाही का तुला?" असं तोंडून निघून जातं. मुलाच्या बाजूने बघा: सकाळी तो बाळ होता, रात्री घोडा. यातून तो काम शिकत नाही, आईचा चेहरा वाचायला शिकतो. तुमच्या आई सकाळची बाजू धरून आहेत आणि भाऊ रात्रीची. दोघांचंही मन साफ आहे, पण मुलाला रोज एकच नियम दिसणं हे लाडापेक्षा आणि कडकपणापेक्षाही जास्त गरजेचं आहे.

वेग किती ठेवायचा हे काही गोष्टींवर अवलंबून आहे. वडील गेले की तुम्ही वेगळ्या झालात, आणि त्याला किती महिने झाले? वर्षाच्या आतली गोष्ट असेल तर "तूच दे", "तूच भरव" हा बहुतेक वेळा आळस नसतो. आई जवळ राहावी म्हणून मुलाने शोधलेली ती वाट असते. अशा वेळी एकावेळी एकच काम द्या, तेही शेजारी बसून. झोपेत दचकणं, सुटलेली अंथरुण ओलं करण्याची सवय परत येणं, शाळेच्या वेळी रोज पोटात दुखणं, यातलं काही दोन-तीन आठवडे टिकलं तर आधी बालरोगतज्ज्ञ आणि समुपदेशक गाठा, कामं नंतर. दमा किंवा फिट येण्याचा त्रास असेल तर एकटं ठेवण्याबद्दल पुढे जे लिहिलंय ते तुम्हाला लागू नाही. तो निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

आता मूळ मुद्दा. काम द्यायचं तर पूर्ण द्या. आपण बहुतेक वेळा कामाचा तुकडा देतो आणि मुलाला काम येत नाही म्हणतो.

शाळेची पाण्याची बाटली घ्या. आपल्या लेखी काम काय, तर बाटली भरणं. पण ते काम संध्याकाळीच सुरू होतं: दप्तरातून बाटली काढायची, उरलेलं पाणी झाडाला किंवा मोरीत ओतायचं, झाकण उघडून आतलं रबराचं वायसर बोटाने फिरवून धुवायचं (वास तिथूनच येतो), बाटली उपडी ठेवायची, सकाळी गळ्यापर्यंत भरायची, झाकण घट्ट लावून एकदा उलटी धरून गळत नाही ना ते बघायचं आणि दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात उभी ठेवायची. ही झाली सात पावलं. आठवं सगळ्यात अवघड, ते म्हणजे कुणी न सांगता हे आठवणं. "बाटली भरलीस का रे?" असं तुम्ही दारातून विचारलंत की आठवायचं काम तुम्ही केलंत, त्याने फक्त हात चालवले. पुढची दहा वर्षं तो तुमच्या हाकेची वाट बघत राहतो तो यामुळेच.

शिकवायचं असं. पहिले दोन-तीन दिवस तुम्ही करा, त्याने बघायचं आणि तुम्ही तोंडाने सांगत जायचं. पुढचे चार-पाच दिवस दोघांनी मिळून. त्यानंतरचा आठवडा तो करेल, तुम्ही जवळ असाल पण गप्प; आणि हा गप्प राहण्याचा आठवडाच आयांना सगळ्यात जड जातो. तिसऱ्या आठवड्यात आठवण त्याच्याकडे सोपवा. दाराच्या आतल्या बाजूला त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर एक कागद चिकटवा: बाटली, डबा, डायरी, रुमाल, आयकार्ड. तुम्ही एवढंच म्हणायचं, "कागद बघितलास?" हळूहळू तेही बंद. एका कामाला साधारण तीन आठवडे धरा. म्हणजे आजपासून जूनपर्यंत दहा-बारा कामं पक्की होतील, आणि ती पुष्कळ आहेत.

मधे तो विसरेल. विसरू द्या. पण त्याआधी वर्गशिक्षकांना भेटून किंवा डायरीत लिहून सांगा: "दप्तर भरायचं काम मी त्याच्याकडे दिलंय, महिनाभर काही वस्तू राहतील, कृपया त्याला इतरांसमोर बोलू नका." ही एक चिठ्ठी फार उपयोगी पडते. बाटली राहिली तर शाळेतलं पाणी आहे. डबा राहिला तर दप्तराच्या आतल्या कप्प्यात बिस्किटाचा पुडा कायम असू द्या. डबा घेऊन शाळेच्या गेटवर मात्र धावू नका. थोडी भूक आणि थोडी फजिती एवढीच किंमत असेल तर ती त्याला मोजू द्या.

त्याने केलेलं काम त्याच्या देखत पुन्हा करू नका. चादरीची घडी वाकडी आहे, राहू द्या. तुम्ही तीच चादर उचलून परत नीट घडी केलीत की त्याला कळतं, आपण केलं काय आणि नाही केलं काय, शेवटी आई करतेच. अगदीच चालणार नसेल, ताटाला खरकटं चिकटलेलं असेल, तर त्यालाच बोलावून "इथे बोट फिरवून बघ" म्हणा.

घराची मांडणीही बदलावी लागते, आणि यात अर्ध्याहून जास्त तक्रारी मिटतात. ग्लास वरच्या फळीवर आणि फिल्टरचा नळ ओट्याच्या आत असेल तर नऊ वर्षांचा मुलगा पाणी मागणारच. त्याचा ग्लास, ताट, वाटी खालच्या कप्प्यात आणा. दप्तर आणि गणवेशाचं हूक त्याच्या खांद्याच्या उंचीवर ठोका. मोरीपाशी त्याचा स्वतःचा छोटा ब्रश आणि साबण ठेवा. ताट घासणं, मोजे आणि चड्डी आंघोळीच्या वेळी धुणं ही कामं मुलालाही तेवढीच जितकी मुलीला असती. थंडीत गरम पाण्याची बादली भरताना आधी गार पाणी, मग गरम, हा क्रम अंगवळणी पाडा. आणि गॅसचा गीझर बाथरूमच्या आत असेल तर दार लावून तो चालू ठेवून आंघोळ करायची नाही. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि माणूस जागच्या जागी बेशुद्ध पडतो. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत हा धोका खरा आहे. पाणी भरून गीझर बंद, मग आंघोळ.

सकाळची कामं बसली की घंटागाडी त्याच्याकडे द्या. काम लहान वाटतं, पण आठवण आईच्या तोंडून न येता बाहेरून येते आणि गाडी कुणासाठी थांबत नाही, म्हणून ते सोनं आहे. ओला डबा वेगळा, सुका वेगळा, भोंगा ऐकू आला की खाली. रविवारपासून सुरू करा, तुम्ही घरी असताना.

इथेच एक अपघात ठरलेला असतो. दाराला नाईट लॅच असेल तर पोरगं डबा घेऊन बाहेर पडतं, वाऱ्याने दार मागे आपटतं आणि किल्ली आत राहते. म्हणून कचऱ्याच्या कामाबरोबरच नियम: उंबरा ओलांडायचा तर किल्ली गळ्यात. किल्ली दोरीत ओवून शर्टाच्या आत घालायची, दप्तराला बाहेरून लटकवायची नाही. बाहेर लोंबणारी किल्ली म्हणजे घरी कोणी नाही ही पाटीच. एक किल्ली शेजारी ठेवाच. आणि बाहेर अडकला तर काय करायचं हे एकदा मुद्दाम करून घ्या: दार ओढून घ्या, त्याला जिन्यात उभं करा आणि विचारा, आता? शेजारच्या काकूंची बेल वाजवायची, तिथून फोन करायचा, जिना सोडून खाली भटकायचं नाही.

पैशाचं लवकर सुरू करा. दर रविवारी पन्नास रुपये रोख, एका डब्यात, आणि त्यातून काय काय घ्यायचं ते ठरलेलं: खोडरबर-पेन्सिल, एखादा खाऊ. संपले तर पुढच्या रविवारपर्यंत नाहीत. मोबाइलवरून पैसे देताना मुलाला पैसा कमी होताना दिसतच नाही, म्हणून रोखच. पवननगरच्या भाजीबाजारात तुमच्याबरोबर असताना कोथिंबीर आणि लिंबं त्याने घ्यायची, भाव त्याने विचारायचा, सुट्टे त्याने मोजून घ्यायचे, तुम्ही चार पावलं मागे. पुढे खालच्या किराणा दुकानात एकटा, तीन वस्तूंची चिठ्ठी आणि शंभराची नोट घेऊन. दहा वर्षं पूर्ण झाली की पोस्टात त्याच्या नावाने बचत खातं काढा. दहाच्या पुढचं मूल ते स्वतः चालवू शकतं आणि पाचशे रुपयांत खातं उघडतं. स्लिप त्याने भरायची.

गॅसबद्दल मी सावध आहे. दहा वर्षांपर्यंत ज्वाळेशिवायचं खाणं भरपूर शिकवता येतं: दहीपोहे, भेळ, काकडीची कोशिंबीर, चटणी-तूप-पोळीचा रोल. दहा-अकराला गॅस, आणि पहिल्यांदा पाणी तापवणं, दूध नाही. दूध उतू जातं, ज्योत विझते आणि बटण चालूच असल्याने गॅस वाहत राहतो. मूल तोवर दुसऱ्या खोलीत टीव्हीपुढे असतं. पातेलं आधी शेगडीवर, दांडा आतल्या बाजूला, लायटर बर्नरपाशी, मग बटण. दोन-तीन खटक्यांत पेटलं नाही तर बटण बंद, मिनिटभर थांबायचं, परत. भाजलं तर नळाखाली वीस मिनिटं धार. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नाही. कुकर बारानंतर. आणि तो एकटा असेल तेव्हा सिलिंडरचा रेग्युलेटर तुम्ही बंद करूनच बाहेर पडायचं, तो गॅस कितीही छान पेटवत असला तरी.

आता किल्ली आणि एकटेपणा. अमुक वयाला एकटं ठेवावं असा आकडा मी देणार नाही, कारण नऊची काही मुलं घाबरली की मदत मागतात आणि बाराची काही लपवतात. मी चार गोष्टी बघते. त्याला आतून-बाहेरून दार लावता-उघडता येतं का. तुमचा, आजीचा आणि शेजारचा नंबर तोंडपाठ आहे का. फोनमध्ये सेव्ह असून भागत नाही. बेल वाजल्यावर तो जाळीचं दार न उघडता "आई कामात आहे, नंतर या" एवढंच म्हणतो का. कुरिअर असेल तर शेजारी. आणि चुकलेली गोष्ट तो तुम्हाला स्वतःहून सांगतो का. चौथी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि ती तुमच्या हातात आहे: कप फुटल्यावर तुम्ही जशा बोलता, तसं पुढे तो मोठ्या गोष्टी सांगेल किंवा लपवेल.

सुरुवात दहा मिनिटांनी. तुम्ही कोपऱ्यावर दूध आणायला जा आणि सांगितलेल्या वेळेला परत या, एक मिनिटही उशीर नको. मुलाचा धीर तुमच्या शब्दावर उभा असतो. मग वीस, मग चाळीस मिनिटं, दर वाढीला किमान आठवडा. एकटं असताना गॅसचा वास आला तर कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही, दिवा नाही, पंखा नाही. दार उघडं टाकून बाहेर, शेजारी सांगायचं. १९०६ हा गॅसगळतीचा नंबर कागदावर मोठ्या अक्षरात असू द्या, बरोबर ११२ आणि मुलांसाठीचा १०९८. अंबड-सातपूरच्या बऱ्याच कंपन्यांत मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. तुमच्याकडे तसं असेल तर कंपनीच्या गेटचा नंबर त्याच कागदावर लिहा आणि सुपरवायझरना आधी सांगून ठेवा की मुलाचा फोन आला तर निरोप लगेच पोचला पाहिजे. घरी बटणांचा साधा फोन ठेवा, एकाच जागी, चार्ज केलेला.

परवलीचा एक शब्द दोघांत ठरवा. "आईने पाठवलंय" म्हणणाऱ्याला तो शब्द माहीत नसेल तर त्याच्याबरोबर जायचं नाही, ओळखीचा असला तरी. आणि कुणी कपड्यांच्या आत हात लावला किंवा "आईला सांगू नकोस" म्हणालं, तर ते सांगायचंच, त्यात त्याला कधीच रागावलं जाणार नाही. हे एकदा सांगून होत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी परत बोलावं लागतं. बाहेरचे नियम दोनच पुरेत: मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जायचं नाही, पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाटावर ते झपाट्याने चढतं; आणि हायवेच्या सर्व्हिस रोडवर, इंदिरानगरच्या बोगद्यापाशी, एकट्याने रस्ता ओलांडायचा नाही. या वयात येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज मुलांना नीट येत नाही, त्यात आज्ञाधारकपणाचा काही संबंध नाही.

एका गोष्टीवर मला थोडं थांबायचं आहे, कारण तुमच्यासारख्या घरात ती उलट्या बाजूने बिघडते. काम मुलाला द्या, काळजी देऊ नका. "आता तूच घरातला पुरुष", "माझं तुझ्याशिवाय कोण आहे", भाडं थकलंय, तुझ्या बापाने पैसे पाठवले नाहीत, हे ऐकणारं मूल फार लवकर शहाणं होतं आणि सगळे कौतुक करतात. सहलीचे पैसे मागायचं ते बंद करतं, ताप आला तरी सांगत नाही, रात्री "तू आजारी पडलीस तर?" विचारतं. असं दिसलं तर कामं वाढवू नका, उलट थोडी कमी करा आणि त्याला स्पष्ट सांगा: "पैशाचं मी बघते, ते मोठ्यांचं काम आहे. मी आजारी पडले तर आजी येईल, मामा येईल." आणि आजी-मामांशी ते खरंच ठरवून ठेवा. शाळेत "बाबा काय करतात?" विचारलं तर काय म्हणायचं, ते एक खरं, छोटं वाक्य घरी दोघांनी बसून ठरवा, त्या प्रश्नाला नऊ वर्षांच्या मुलाने एकट्याने तोंड देऊ नये.

आजींना लाड बंद करायला सांगू नका. त्यांनी भरवण्याऐवजी शेजारी बसून गोष्ट सांगितली तरी लाड होतोच. तुम्हीही रोज पंधरा मिनिटं, फोन दूर ठेवून, अभ्यास-कामाचा विषय न काढता त्याच्याजवळ बसा. ज्या मुलाला आई अशी मिळते ते पाण्यासाठी हाका कमी मारतं. मामांना रागावण्याचं काम देऊ नका, रविवार द्या. गोल्फ क्लबच्या मैदानाजवळ सायकल शिकवू देत, सिटीलिंकच्या बसने शालिमारला नेऊ देत: पहिल्यांदा तिकीट मामा काढेल, तिसऱ्यांदा भाचा, पाचव्यांदा कुठे उतरायचं ते भाचा सांगेल. तिथून सार्वजनिक वाचनालय जवळ आहे, १८४० सालचं; पुस्तक बदलून आणणं हे अकरा-बारा वर्षांच्या मुलासाठी पहिलं एकट्याचं बसचं काम व्हायला चांगलं आहे.

आता जून. आत्ता त्याची शाळा नऊच्या आसपास भरत असेल, कारण चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश २०२४ साली निघाला. पाचवीला सकाळचं सत्र म्हणजे साडेबाराला घरी, आणि तुम्ही सहाला. साडेपाच तास. वर लिहिलेलं सगळं नीट जमलं तरी दहा वर्षांच्या मुलाला रोज दीड-दोन तासांपेक्षा जास्त एकटं ठेवू नका, आणि ओव्हरटाइमच्या दिवशी अंधार पडल्यावर तर मुळीच नाही. मधले साडेतीन-चार तास कुठल्यातरी मोठ्या माणसाच्या नजरेखाली जायला हवेत. पाळणाघरवाल्या ताईंना आत्ताच विचारा, मोठी मुलं काही ठिकाणी दुपारपुरती घेतात. शेजारच्या काकू ठेवणार असतील तर महिन्याचे पैसे ठरवून द्या, उपकारावर ठेवू नका. उपकाराच्या व्यवस्थेत मुलाला जेवलास का हे विचारलं जातं, पण तो कुठे आहे हे विचारायची जबाबदारी कुणाची नसते. पैशाची ओढाताण असेल तर एकल पालकांच्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, मुलामागे महिन्याला २२५० रुपये. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन कागदपत्रांची यादी घेऊन या. अर्ज मार्गी लागायला वेळ जातो, म्हणून हे काम दिवाळीच्या सुट्टीआधी उरका. त्या सुट्टीत तुमची कंपनी चालू असेल आणि दुपारचा हाच प्रश्न तेव्हाच पहिल्यांदा, पूर्ण दिवसाचा होऊन, समोर येईल.